थोरले नारळीकर

नारळीकर म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते डॉ. जयंत नारळीकर. त्यांच्या विज्ञानकथांनी कृष्णविवरे आणि धूमकेतू मराठी घरांत आणून ठेवले. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा वर्तमानपत्रांची पाने त्यांच्यावरील लेखांनी भरली होती. त्या लेखांत बहुधा एखाद्याच ओळीत त्यांच्या वडिलांचा उल्लेख येई : विष्णू वासुदेव नारळीकर, काशीचे गणिताचे प्राध्यापक. त्या एका ओळीमागच्या आयुष्याविषयी मला लिहायचे आहे.

विष्णुपंतांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ चा, कोल्हापूरचा. वडील वासुदेवशास्त्री. घरात श्रीमंती होती ती संस्कृत विद्येची. मुलाने मात्र गणित धरले. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली ते बी. एस्सी. झाले आणि शिष्यवृत्ती व कर्जाऊ मदत यांच्या आधाराने बोटीने विलायतेला, केंब्रिजला गेले. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेचा दरारा मराठी माणसाला रँग्लर परांजप्यांमुळे ठाऊक होताच. ते १८९९ साली त्या परीक्षेत सर्वांत वर आले होते. नारळीकरांनीही १९३० साली ती परीक्षा मोठ्या मानाने दिली आणि खगोलशास्त्रासाठी असलेले टायसन पदक मिळवले. तेव्हा त्यांना बावीसही पुरी नव्हती.

आता पुढे काय? आमच्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर असते. पदवी झाली की नोकरी. घरातला पहिलाच मुलगा कॉलेजात गेलेला असेल तर ते उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असते. पदवी झाल्यावरही एखाद्याने नुसता विचार करावा, गणिते मांडावीत, आणि त्यासाठी कोणी त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च उचलावा, ही गोष्ट गावात सांगितली तर लोक हसतील. पण केंब्रिजात अशी सोय होती. फ्रँक मॅक्लीन नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठाला पैसे देऊन ठेवले होते. ते स्वतः ताऱ्यांच्या प्रकाशाचे पट्टे, म्हणजे वर्णपट, तपासणारे हौशी संशोधक. पदवी घेतलेल्या तरुणाने काही वर्षे निर्वेधपणे खगोलशास्त्राचे संशोधन करावे म्हणून ती वृत्ती होती. नाव आयझॅक न्यूटनचे. नारळीकरांना ती मिळाली. पुढे रॅले पारितोषिकही मिळाले.

तो काळच विलक्षण होता. तारा म्हणजे वायूचा प्रचंड गोळा. स्वतःच्या वजनाने तो आत कोसळू पाहतो आणि पोटातली उष्णता व प्रकाश त्याला बाहेर रेटतात. या ओढाताणीत तो कोट्यवधी वर्षे उभा राहतो. हे गणित मांडणारे एडिंग्टन केंब्रिजातच होते. १९३० च्याच शरद ऋतूत मद्रासहून सरकारी शिष्यवृत्तीवर एकोणीस वर्षांचा एक मुलगा तेथे येऊन दाखल झाला. त्याचे नाव सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. इंधन संपलेला तारा सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून जड असेल तर तो पांढरा बटू होऊन स्वस्थ बसू शकत नाही, हे त्याने काढले. १९३३ साली त्याला ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप मिळाली. जानेवारी १९३५ मध्ये एडिंग्टननी भर सभेत त्याच्या सिद्धान्ताची थट्टा केली, तरीही त्याची फेलोशिप चालू होती. १९३७ साली तो अमेरिकेत गेला आणि १९८३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

नारळीकर १९३२ सालीच परत आले. पंडित मदनमोहन मालवीय काशी हिंदू विद्यापीठासाठी चांगली माणसे हेरून आणत असत. त्यांनी या तरुणाला गणित विभागाचे प्रमुखपद देऊ केले. वय अवघे तेवीस-चोवीस. बरोबरीची मुले अजून फेलोशिपवर असताना हे वेळापत्रके, परीक्षा आणि नेमणुका पाहू लागले. यात त्यांचे नुकसान झाले असे मला वाटते, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. संशोधनाची ऐन उमेदीची वर्षे पुन्हा येत नाहीत. चंद्रशेखरांच्या नावाची मर्यादा जगभरच्या पुस्तकांत आहे. नारळीकरांचे नाव तसे नाही. परंतु काशीत बसून त्यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा अभ्यास आपल्या देशात रुजवला, आणि तो कसा, हे प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांच्या हकिगतीवरून कळते.

वैद्य हे जुनागढकडचे गुजराती तरुण. नारळीकरांचे नाव ऐकून १९४२ साली ते काशीला आले. त्यांच्याजवळ फेलोशिप नव्हती, पगार नव्हता. साठवलेल्या थोड्या पैशांवर, बायको आणि तान्ही मुलगी बरोबर घेऊन, ते काही महिने तेथे राहिले. (पैसे संपले की संशोधन संपले, असा तो सरळ हिशेब होता.) मॅक्लीनसारखा कोणी धनिक आपल्याकडे असता तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

नारळीकरांनी त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला तो ताऱ्याचाच. १९१६ साली जर्मनीच्या श्वार्झशिल्ड यांनी ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे सापेक्षतेतले गणित सोडवले होते. पण त्यात ताऱ्याबाहेर सगळे रिकामे धरले होते. म्हणजे तो तारा प्रकाशतच नव्हता! खरा तारा सतत प्रकाश ओततो. प्रकाशात ऊर्जा आहे, ऊर्जेला वजन आहे. आपला सूर्य दर सेकंदाला सुमारे चाळीस लाख टनांनी हलका होतो. तेव्हा भोवतीची जागा रिकामी नाही आणि ताऱ्याचे वस्तुमानही स्थिर नाही. अशा प्रकाशणाऱ्या ताऱ्याचे गणित वैद्यांनी सोडवले आणि ते १९४३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षे फारसे कोणी त्याकडे पाहिले नाही. १९६३ साली क्वेसारांचा उलगडा झाला, प्रचंड वस्तू कशा कोसळतात याची चर्चा सुरू झाली, आणि वैद्यांचे ते समीकरण जगभर वापरात आले. आज ते वैद्यांच्याच नावाने ओळखले जाते. प्रश्न देणाऱ्या गुरूने त्यावर आपले नाव चढवले नाही, हे मला फार मोठे वाटते.

काशीतल्या घरी मराठी बोलत, शाळेत हिंदी. पत्नी सुमतीबाई संस्कृत जाणणाऱ्या. मुलांसाठी घराच्या भिंतींवर फळे करून घेतले होते. पाहुणा आलेला मामा त्यांवर गणिताचे कोडे लिहून ठेवी आणि छोट्या जयंताने ते सोडवावे अशी वाट पाही. तो जयंता १९५७ साली टाटांच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि वडिलांनी मिळवले तेच टायसन पदक १९६० साली त्यानेही मिळवले.

त्याच साली विष्णुपंतांनी काशी सोडली. राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळून ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळकांच्या नावाच्या प्राध्यापकपदावर आले. १९६९ साली सापेक्षतेच्या भारतीय अभ्यासकांनी आपली संघटना स्थापन केली, तेव्हा पहिले अध्यक्ष तेच होते. १९९१ साली त्यांचे निधन झाले.

त्याआधी तीन वर्षे, १९८८ साली, पुणे विद्यापीठाच्याच आवारात जयंतरावांनी आयुका ही संस्था सुरू केली होती. पीएच. डी. झालेल्या तरुणांना तेथे काही वर्षांची फेलोशिप मिळते. ना शिकवण्याची सक्ती, ना वेळापत्रकाची. त्यांच्यापैकी काही जण ताऱ्यांवर काम करतात. आमच्या तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे; अंतरिक्ष हा शब्द इथल्या मुलांच्या कानांवर विज्ञानाच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी पडतो. मालेगावहून कोणी अजून त्या फेलोशिपवर गेल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. पुणे येथून एका रात्रीच्या एस. टी. प्रवासावर आहे.