सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारलेली मुलगी पुढे विज्ञानात पीएचडी करणारी पहिली भारतीय महिला ठरली

महाड, पोलादपूरकडे भातकापणी झाली की त्याच जमिनीत, उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. मग थंडीत पोपटी आणि वर्षभर बिरडं. आता बिरडं करायचं तर वाल आधी भिजवा, मोड आणा, सोला आणि नीट शिजवा. कच्चे वाल खाऊ नयेत, पोट बिघडतं, हे तिकडच्या कुठल्याही आजीला माहीत असतं.

पण का बिघडतं? वालात नेमकं असतं तरी काय?

याचं एक उत्तर 1955 साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. आपल्या पोटात प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन नावाचं एक एन्झाइम असतं. त्या ट्रिप्सिनचं काम अडवणारा घटक वालातून आणि डबल बीमधून स्फटिकाच्या रूपात वेगळा काढला गेला होता. काम झालं होतं मुंबईत, आणि संशोधकांपैकी एक नाव होतं कमला सोहोनी. हा घटक पाण्यात नीट शिजवल्यावर बऱ्याच अंशी निकामी होतो. म्हणजे आजीचं बरोबर होतं, कारण आता कळलं.

ज्या बाईंनी हे शोधलं, त्यांना बावीस वर्षांपूर्वी देशातल्या सगळ्यात मोठ्या विज्ञानसंस्थेनं दारातूनच परत पाठवायचं ठरवलं होतं.

कमला सोहोनी माहेरच्या भागवत. जन्म 18 जून 1911, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून शिकलेले. थोरल्या बहिणीचं नाव दुर्गा. होय, त्याच दुर्गा भागवत, ज्यांनी 1975 च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला होता. या घरात हट्टीपणा बहुतेक वाटून दिला होता.

1933 साली कमलाताई मुंबई विद्यापीठातून बीएस्सी झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र, आणि विद्यापीठात पहिला नंबर. वडील-काकांच्याच संस्थेत संशोधन करायचं हे ठरलेलंच होतं. अर्ज गेला आणि नकार आला.

संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेलं, देशभर दबदबा. अर्जात गुणांची काही कमतरता नव्हती. अर्जदार मुलगी आहे, एवढंच कारण होतं.

वडील आणि काका रामन यांना भेटले, उपयोग झाला नाही. मग कमलाताई स्वतः बंगळुरूला गेल्या. काळ गांधीजींचा होता, त्यामुळे हत्यारही त्याच काळातलं निघालं. प्रवेश मिळेपर्यंत हटणार नाही असं सांगून त्यांनी सत्याग्रह सुरू केला. कोणत्या नियमात मुलींना बंदी लिहिलीय, हे त्यांना दाखवायला कुणाकडे काही नव्हतं.

शेवटी रामन तयार झाले, पण अटींवर. पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नव्हतं. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावं लागणार होतं. आणि तिसरी अट अशी, की त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. म्हणजे मुलांचं लक्ष विचलित होऊ नये. मुलांना मात्र कसलीच अट नव्हती.

कमलाताईंनी अटी मान्य केल्या, अपमान मात्र विसरल्या नाहीत. अगदी म्हातारपणीही, रामन शास्त्रज्ञ म्हणून मोठे होते पण या बाबतीत कोत्या मनाचे होते, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

त्यांना मार्गदर्शक मात्र चांगले मिळाले. श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्याकडे कमलाताईंनी दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. ज्या देशात बहुतेक लोकांना प्रथिनं वरण-उसळीतूनच मिळतात, तिथे हा विषय किती जवळचा आहे ते वेगळं सांगायला नको. वर्षभरानं रामन यांचं समाधान झालं, प्रवेश कायम झाला आणि त्यानंतर संस्थेत मुलींना घेणं सुरू झालं. 1940 साली अ‍ॅना मणी संशोधनाला आल्या, त्या तर थेट रामन यांच्याच प्रयोगशाळेत. पुढे याच अ‍ॅना मणी भारतातल्या नावाजलेल्या हवामानशास्त्रज्ञ झाल्या.

1936 मध्ये कमलाताई एमएस्सी झाल्या आणि केंब्रिजला गेल्या. तिथे त्यांना सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा मिळाली. हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी 1929 चं नोबेल मिळालेले. रॉबिन हिल यांच्याबरोबर कमलाताईंनी वनस्पतींच्या पेशींवर काम सुरू केलं. (बारावी सायन्सवाल्यांना प्रकाशसंश्लेषणातली हिल रिअ‍ॅक्शन आठवत असेल, तेच हे हिल.) बटाट्यावर प्रयोग करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी सापडलं. पेशी श्वसन करते तेव्हा इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर नेणारं हे प्रथिन. प्राण्यांमध्ये ते असतं हे माहीत होतं, आता वनस्पतींमध्येही असतं हे दिसलं.

या शोधावर त्यांनी प्रबंध लिहिला, जेमतेम चाळीस पानांचा. केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत काम पुरं झालं आणि 1939 मध्ये पीएचडी हातात होती. विज्ञान विषयात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांना 1931 सालीच अमेरिकेत डीएस्सी मिळाली होती, म्हणून इथे पीएचडी हा शब्द जपून वापरावा लागतो.

परदेशात राहता आलं असतं. कमलाताई 1939 मध्येच परत आल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. हे मुलींचं मेडिकल कॉलेज. त्यानंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केलं. 1947 मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईत आल्या.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघाला होता. तिथे त्या प्राध्यापक झाल्या आणि त्यांचं शिकवण्याचं खरं काम इथे झालं. विद्यार्थ्यांना दिलेले विषय पाहिले तरी बाईंची दृष्टी कळते. कडधान्यं, भाताचं पीठ, नीरा. सगळं गरिबाच्या ताटातलं. वालाचं संशोधनही याच विभागातलं. महाड-पोलादपूरच्या शाळेत एन्झाइम शिकवणाऱ्या विज्ञानाच्या बाईंना त्यामुळे उदाहरण पुस्तकाबाहेर शोधत जायला नको, ते वर्गातल्या मुलींच्या डब्यातच असतं.

नीरेचं काम राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झालं. ताड-माडाचा ताजा रस उन्हं वर यायच्या आत उतरवला तर नीरा, आंबला की ताडी. या ताज्या रसात अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह चांगल्या प्रमाणात असतं, आणि त्याचा गूळ केला तरी ते टिकतं, असं प्रयोगांत दिसलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिल्यावर तब्येतीत फरक पडला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

एवढं सगळं होऊनही संस्थेचं संचालकपद मिळायला चार वर्षं उशीर झाला. अंतर्गत राजकारण, दुसरं काय. पद मिळालं तेव्हा एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या संचालकपदी बाई बसणं हीच बातमी होती.

निवृत्तीनंतर त्यांनी मराठीत मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहिली. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेत काम करून 1982-83 मध्ये तिचं अध्यक्षपद सांभाळलं आणि तिच्या ‘कीमत’ या मासिकात लेख लिहिले.

पण देशातल्या विज्ञानाच्या वर्तुळाला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या महासंचालक होत्या डॉ. सत्यवती. त्यांना कमलाताईंबद्दल कळलं आणि त्यांनी सत्कारासाठी दिल्लीला बोलावलं. वय झालं होतं, तरी कमलाताई गेल्या. सत्काराच्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात, 28 जून 1998 रोजी, त्यांचं निधन झालं.