इवल्या दाढांतून हवामान वाचणाऱ्या डोरोथिया बेट

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये 1898 साली 19 वर्षांची एक तरुणी काम मागण्यासाठी गेली. तिच्याकडे पदवी नव्हती, औपचारिक शिक्षणही बेताचेच होते. पक्ष्यांची कातडी निवडून लावण्याचे काम तिला मिळाले आणि जीवाश्म स्वच्छ करण्याचा मोबदला नगावर ठरला. ही तरुणी म्हणजे पुढे नामवंत पुराजीवशास्त्रज्ञ झालेल्या डोरोथिया बेट होत.

बेट यांचा जन्म 1878 मध्ये वेल्समधील कारमार्थेन येथे झाला. वाय नदीच्या खोऱ्यातील एका गुहेत सापडलेल्या हाडांवर त्यांनी 1901 मध्ये पहिला शोधनिबंध लिहिला. त्यातील बरीचशी हाडे लहान सस्तन प्राण्यांची होती. उंदीर, चिचुंद्री यांसारखे प्राणी फार दूर जात नाहीत. बर्फाळ प्रदेशातल्या लेमिंगचे दात एखाद्या थरात आढळले, तर तिथे एकेकाळी कडाक्याची थंडी होती, असा निष्कर्ष काढता येतो.

त्याच वर्षी त्या स्वखर्चाने सायप्रसला गेल्या. नंतर क्रीट आणि मायोर्का ही बेटेही त्यांनी पायी व खेचरावरून धुंडाळली. सायप्रसमध्ये त्यांना खुज्या हत्तींचे व पाणघोड्यांचे अवशेष मिळाले. मायोर्कात 1909 मध्ये त्यांनी मायोट्रॅगस हा शेळीसारखा, पण कृंतकांप्रमाणे सतत वाढणारे दात असलेला लुप्त प्राणी शोधला. याच बेलिएरिक बेटांवरील मोठ्या आकाराच्या डॉरमाउसला 1918 मध्ये त्यांनी हिप्नोमिस हे नाव दिले.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम तेव्हाच्या पॅलेस्टाईनमधील माउंट कार्मेलच्या गुहांशी निगडित आहे. डोरोथी गॅरड यांच्या उत्खननातील प्राण्यांची हाडे त्यांनी तपासली व दोघींचा ग्रंथ 1937 मध्ये प्रसिद्ध झाला. रानात राहणारे फॅलो हरीण आणि कोरड्या माळावरचे, चिंकाऱ्याच्या कुळातील गॅझेल यांचे थरागणिक बदलते प्रमाण त्यांनी आलेखात मांडले. त्यावरून तेथील ओल्या व कोरड्या काळांचा क्रम त्यांनी सांगितला.

या आलेखावर पुढे आक्षेप घेतले गेले. हरणांची हाडे गुहेत प्रामुख्याने माणसाने आणली. त्यामुळे त्यांचे प्रमाण हवामानाऐवजी शिकाऱ्याची निवड दाखवत असेल, हा मुद्दा रास्त होता. इथे लहान प्राण्यांचे मोल कळते. त्यांची हाडे बहुधा घुबडांनी उलटून टाकलेल्या गोळ्यांतून गुहेत साचतात. माणसाच्या आवडीनिवडीशी त्यांचा संबंध नसल्याने त्यांची साक्ष स्वतंत्र ठरते. म्हणूनच आज उत्खननातील माती बारीक चाळणीने चाळून हे दात वेचले जातात.

कार्मेलच्या जीवाश्मांवरून बेट यांनी 1937 मध्ये एका छोट्या डॉरमाउसचे वर्णन केले होते. पुढे हाच प्राणी बल्गेरिया आणि तुर्कस्तानात जिवंत आढळला.

संग्रहालयात त्यांची सुमारे 50 वर्षे गेली. मात्र ट्रिंग येथील शाखेच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली ती 1948 मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर. 13 जानेवारी 1951 रोजी त्यांचे निधन झाले. ज्या नगांवर त्यांची मजुरी मोजली जात होती, त्यांतूनच त्यांनी हरवलेली अरण्ये आणि माळराने उभी केली.