लॉर्ड ॲटकिन : एकाकी निकालाचे मोल

शासनाच्या अधिकारांना कायद्याचा लगाम आहे की नाही, हे संकटकाळीच कळते. इंग्लंडचे न्यायमूर्ती लॉर्ड ॲटकिन यांचे चरित्र म्हणूनच चिंतनीय ठरते. १८६७ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे जन्मलेले आणि पितृछत्र हरपल्यावर वेल्समध्ये वाढलेले ॲटकिन १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले. प्रारंभी पक्षकार त्यांच्याकडे क्वचितच फिरकत. पुढे न्यायासनावरून, १९२३ च्या वीज आयुक्तांच्या खटल्यात, नागरिकांच्या हक्कांविषयी निर्णय घेणाऱ्या संस्थेने कायदेशीर अधिकाराची मर्यादा ओलांडल्यास न्यायालय तो निर्णय रद्द करू शकते, असा दंडक त्यांनी मांडला. प्रशासनाविरुद्ध दाद मागणाऱ्या बॅरिस्टरांना तो अनेक दशके आधारभूत ठरला.

खरी कसोटी १९४१ साली लागली. युद्धकालीन नियमानुसार सयुक्तिक कारण असल्यास गृहमंत्र्यास नागरिकाला विनाखटला स्थानबद्ध करता येई. लिव्हरसिज नामक स्थानबद्धाने ते कारण विचारले. लॉर्डांचे सभागृह हे तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ. मंत्र्याला प्रामाणिकपणे तसे वाटले की पुरे, असे तेथील चौघांनी ठरविले. ॲटकिन एकटेच विरुद्ध गेले. कारणाची सयुक्तिकता न्यायालयाने तपासावी, हा त्यांचा आग्रह सहकाऱ्यांना रुचला नाही. १९४४ मध्ये ते निवर्तले. १९७९ साली त्याच सभागृहात बहुमताची चूक मान्य झाली.

आपल्याकडे आणीबाणीत, १९७६ साली, न्यायमूर्ती हंसराज खन्ना असेच एकाकी उभे राहिले. तो बहुमताचा निर्णय २०१७ मध्ये रद्दबातल ठरला. न्याय मिळाला खरा. परंतु स्थानबद्धांचे गेलेले दिवस परत आले नाहीत. न्यायालयाने योग्य वेळीच निर्भय असावे, हाच या चरित्राचा बोध होय.