प्रा. दामोदर कोसंबी : अणुयुगातील एक निर्भीड गणिती



इतिहासाच्या तासाला दुसरे महायुद्ध शिकवून झाले की वर्गातला एखादा मुलगा हमखास विचारतो की, अणुबॉम्बमुळे युद्ध संपले, मग त्यात वाईट ते काय झाले? प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. या प्रश्नाचे उत्तर मी हल्ली एका थोर माणसाचे चरित्र सांगून देतो. हा माणूस आपल्याच पुणे जिल्ह्यात राहिला, येथील डोंगर आणि गावे त्याने पायी तुडविली आणि पुण्यातच त्याचे देहावसान झाले. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे जगन्मान्य पंडित. विद्येसाठी घरदार सोडून, हालअपेष्टा सोसून ते या पदाला पोहोचले होते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलाविले तेव्हा, १९१८ साली, त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर नेले. मुलाचे शालेय शिक्षण तिकडे झाले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवीही त्याने फार मोठ्या सन्मानाने मिळविली. याच काळात नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाशी त्यांची मैत्री जडली. हे नाव ध्यानात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

स्वदेशी परतल्यावर दोन वर्षे त्यांनी बनारसच्या हिंदू विद्यापीठात शिकविले. तेथून १९३१ साली ते कोठे गेले असतील? सर सय्यद अहमद खान यांच्या अलीगढला! मुस्लिम विद्यापीठात त्या वेळी आंद्रे व्हेल हा अवघ्या पंचविशीतला फ्रेंच गणिती गणित विभाग सांभाळीत होता. त्याने कोसंबींना बोलावून घेतले. बनारस काय अन् अलीगढ काय, कोसंबींना दोन्हीकडे गणितच दिसले. आपल्या समाजातील मुलांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी, म्हणून मुद्दाम सांगितली. १९३३ पासून पुढे बारा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते.

मग १९४५ साल उजाडले. जून महिन्यात डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि गणिताचे प्राध्यापक म्हणून कोसंबींना तेथे पाचारण केले. पुण्याचे घर न सोडता ते डेक्कन क्वीनने मुंबईस ये-जा करीत. संस्था सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तोच ६ ऑगस्टला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला.

हिरोशिमात सकाळचे सव्वाआठ वाजले होते. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळ्या पट्ट्या करण्याच्या कामावर हजारो शाळकरी मुलांना जुंपले होते. तुमच्याच वयाची मुले, उघड्यावर उभी. त्यांतील बहुतेक त्याच दिवशी किंवा थोड्या दिवसांत गेली. शहरातील बहुसंख्य डॉक्टर आणि परिचारिका मेल्या अथवा जखमी झाल्या, त्यामुळे भाजलेल्यांना पाणी पाजायलाही कोणी उरले नाही. वर्षअखेर हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे दगावली. जी वाचली त्यांच्यात पुढे काही वर्षांनी रक्ताचा कर्करोग दिसू लागला. जी बालके त्या वेळी आईच्या पोटात होती, त्यांच्यापैकी काही लहान डोक्याची व मंद बुद्धीची जन्मली. ज्याचा जन्मच झाला नव्हता, तो कोणत्या बाजूचा सैनिक होता?

हजरत अबूबकर (रजि.) यांनी शामकडे निघालेल्या फौजेला काय ताकीद दिली होती, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. स्त्रिया, मुले, म्हातारे यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, मठात बसलेल्या संन्याशांना हात लावू नका. युद्धालाही मर्यादा असते, हा त्याचा अर्थ. अणुबॉम्बला ही मर्यादा पाळताच येत नाही, मग तो टाकणारा कितीही सज्जन असो. कोसंबी स्वतः धर्म मानणारे नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. पण या एका बाबतीत त्यांची वाट आपल्या वाटेला येऊन मिळते.

आता त्या मुलाचा प्रश्न. बॉम्ब टाकला नसता तर जपानवर स्वारी करावी लागली असती आणि लाखो सैनिक मेले असते, असे सांगतात. हे अगदीच खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्यांनी बॉम्ब घडविला त्यांच्यातीलच शिकागोच्या काही शास्त्रज्ञांनी जून १९४५ मध्ये सरकारला कळविले होते की, तो आधी निर्जन जागी टाकून दाखवा. ते कोणी ऐकले नाही. आणि अमेरिकेच्याच सरकारी पाहणीने १९४६ साली असा निष्कर्ष काढला की, बॉम्ब टाकला नसता तरी जपान वर्षअखेरीपर्यंत शरण आला असता.

कोसंबी १९४८-४९ साली गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी इंग्लंड-अमेरिकेस गेले. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमितीचे अध्यापन केले. १९४२ साली नियंत्रित अणुसाखळीचा पहिला प्रयोग झाला, तो याच विद्यापीठात. प्रिन्स्टनला आइन्स्टाइन यांच्याशी त्यांच्या चर्चा झाल्या. १९३९ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांना पाठविलेल्या पत्रावर सही केल्याचा पश्चात्ताप आइन्स्टाइन यांना अखेरपर्यंत होता. आणि त्यांचा जुना मित्र वीनर? त्याने १९४७ च्या प्रारंभीच जाहीर केले होते की, आपले संशोधन आपण यापुढे लष्कराच्या हाती देणार नाही. ज्ञान कोणाच्या हातात जाते याची जबाबदारी ज्ञान देणाऱ्यावरही असते, हे त्याने आपल्या कृतीने दाखविले.

पुढील दशकात कोसंबी जागतिक शांतता परिषदेच्या कार्यात उतरले. परिषदेचे अध्यक्ष जोलियो-क्यूरी हे फ्रान्सच्या अणुशक्ती मंडळाचे प्रमुख होते. अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदीची मागणी करणाऱ्या चळवळीचे नेतृत्व केले आणि १९५० साली त्यांचे ते पद गेले. या चळवळीवर रशियाधार्जिणेपणाचा आरोप होत असे. तो सर्वस्वी निराधार नव्हता, कारण १९४९ साली रशियानेही आपला बॉम्ब फोडला होता आणि त्यावर या मंडळींनी अमेरिकेइतकी टीका केली नाही. कोसंबी मार्क्सवादी होते, मात्र कम्युनिस्ट पक्षाच्या पंडितांनाही ते फटकारीत. त्यांची जीभ तिखट होती, आणि त्यामुळे शत्रूही पुष्कळ झाले.

१९५४ साली अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख दूरवर एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, बोटीतील तेवीस जण आजारी पडले आणि एक दगावला. पंडित नेहरूंनी लगेच चाचण्या थांबविण्याचे आवाहन केले. म्हणजे आता युद्ध नसतानाही माणसे मरू लागली होती. कोसंबींनी येथे न थांबता आणखी पुढचा प्रश्न उभा केला. वीज निर्माण करण्यासाठी तरी आपल्या गरीब देशाला अणुभट्टीची काय गरज? तिचा खर्च अफाट, तिच्या किरणोत्सर्गी कचऱ्याची विल्हेवाट अवघड, आणि आपल्या डोक्यावर तर वर्षभर सूर्य तळपतो आहे. सूर्य की अणू, हा विषय त्यांनी १९५७ पासून लेखांतून व व्याख्यानांतून मांडला.

आणि हे ते कोठे बसून बोलत होते? देशाच्या अणुकार्यक्रमाचे जनक असलेल्या भाभांच्या संस्थेत! दोघांचे संबंध बिघडत गेले. त्यातच १९५९ साली रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता आपण दिली असे कोसंबींनी छापले, ती चुकीची निघाली आणि त्यांचा लौकिक घसरला. त्यांच्या चाहत्यांनी ही चूक झाकू नये. १९६२ साली त्यांचा करार वाढविण्यात आला नाही. अणूला विरोध केला म्हणूनच नोकरी गेली असे मी म्हणणार नाही, पण गप्प बसले असते तर कदाचित टिकली असती.

नोकरी गेल्यावर ते हातात काठी घेऊन अधिकच भटकू लागले. कार्ले, जुन्नर, नाणेघाट, धनगरांच्या वाटा, खेड्यांच्या वेशीवरील देवस्थाने. दगडाची सूक्ष्म हत्यारे वेचून त्यांनी आपल्या भागाचा प्राचीन इतिहास लिहिला. मुलांनो, त्या पुस्तकांविषयी पुन्हा कधी तरी सांगेन.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतात विमान कोसळून डॉ. भाभा गेले. त्यानंतर पाच महिन्यांनी, २९ जून रोजी, कोसंबी पुण्यातील आपल्या घरी झोपेतच निवर्तले. वय अठ्ठावन्न. पोखरणचे १९७४ आणि १९९८ चे स्फोट त्यांनी पाहिले नाहीत. खुटबाव, केडगावकडच्या शिवारात आता विहिरींवर सूर्याच्या उन्हावर चालणारे पंप दिसू लागले आहेत, तेही त्यांनी पाहिले नाहीत.