आबेंचा कंडेन्सर

अकरावीच्या प्रॅक्टिकलला स्लाइड धूसर दिसली की मी फोकसचा नॉब पिळत बसायचो. स्टेजखालच्या कंडेन्सरला कधी हातच लावला नाही. व्हायवात सरांनी विचारलं, हा कंडेन्सर कोणाचा? मी गप्प! उत्तर होतं, एर्न्स्ट आबे. (विदर्भवाल्यांनो, हसू नका, आडनावच आहे ते!)

आबेंचा जन्म १८४० सालचा, जर्मनीतल्या आयझेनाख गावचा. वडील सूतगिरणीत रोज १४ ते १६ तास उभ्याने काम करायचे. छोटा एर्न्स्ट जेवण घेऊन जायचा, तेही वडील मशीनला टेकून उभ्याउभ्याच खायचे. हे चित्र त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

शिकून आबे येना विद्यापीठात शिकवू लागले. १८६६ मध्ये त्याच गावच्या कार्ल झाइस यांनी त्यांना गाठलं. तेव्हा कारागीर भिंगं जुळवून बघायचे, जमलं तर जमलं. आबे म्हणाले, आधी गणित, मग भिंग. पण पहिली भिंगं चक्क फसली! प्रकाश आत घेण्याचा कोन त्यांनी लहान ठेवला होता. त्या फजितीतूनच खरी गोष्ट कळली. नुसतं मोठं करून बारकावे दिसत नाहीत, प्रकाश रुंद कोनातून यावा लागतो. हा नियम त्यांनी १८७३ मध्ये मांडला. ऑब्जेक्टिव्हवर ४० च्या शेजारी कोरलेला ०.६५ हा आकडा त्याच कोनाचा. प्रकाशाच्या तरंगलांबीला त्याच्या दुपटीने भागा. हिरव्या प्रकाशात साधारण ०.४ मायक्रॉन येतं. त्याहून जवळचे दोन ठिपके एकच दिसणार.

कंडेन्सर खाली उतरवला किंवा डायफ्रॅम फार मिटला, तर हा कोन वाया जातो. म्हणून आधी १० च्या लेन्सवर फोकस करा, कंडेन्सर वर घ्या. आयपीस काढून नळीत डोकवा आणि उजेडाचं वर्तुळ तीन चतुर्थांश भरेल इतका डायफ्रॅम उघडा. लेन्स बदलली की पुन्हा बघा. डोळे दिपले तर दिवा मंद करा, डायफ्रॅम नको.

झाइस १८८८ मध्ये वारले. आबेंनी १८८९ मध्ये त्यांच्या नावाने फाउंडेशन काढलं आणि १८९१ मध्ये कंपनीतला स्वतःचा हिस्सा त्यालाच देऊन टाकला. १९०० साली कारखान्यात ८ तासांचा दिवस सुरू झाला. १९०५ मध्ये आबे गेले.

येनातल्या त्यांच्या स्मारकावर ते सूत्र कोरलंय. मला मात्र सूत्राबरोबर गिरणीतलं ते जेवणही आठवतं. आणि हो, आता धूसर दिसलं की हात आधी कंडेन्सरकडे जातो.