नारायण वामन टिळक : स्वैर मनाची बांधिलकी

नगरहून पाथर्डीची वाट धरून करंजीचा घाट उतरला की पुढे तिसगाव लागते. पावसाने वारंवार हूल दिलेला हा मुलूख. जवळच मढीचे कानिफनाथांचे ठिकाण आहे, डोंगरात वृद्धेश्वर आहे, आणि दिवाळीच्या सुमारास कोयता उचलून ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे याच तालुक्यातली. अशा ठिकाणी चैन ही एके काळी पाहुण्यासारखी, सणावारी येई. आता तिसगावच्या स्टँडवर उभा असलेला तरुण आणि मुंबईच्या लोकलमध्ये लोंबकळणारा तरुण एकच जाहिरात एकाच क्षणी हातातल्या पडद्यावर पाहतो. तुझी आवड हाच तुझा न्याय, तुझे सुख हेच तुझे कर्तव्य, आणि जे बंधन तुला जाचते ते तोडण्याचा तुला हक्क आहे, ही शिकवण दोघांनाही सारख्याच गोड आवाजात मिळते. जुन्या जाचक रूढी मोडल्या याचे दुःख कोणी करू नये. परंतु रूढी मोडता मोडता शब्द पाळण्याची सवयही मोडली, तर हिशेब तोट्याचाच ठरतो.

या प्रश्नाचा विचार करताना याच जिल्ह्याशी आयुष्याची पंचवीस वर्षे जोडलेल्या एका माणसाची आठवण होणे अपरिहार्य आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना मराठी वाचक फुलांचा आणि मुलांचा कवी म्हणून ओळखतात. शालेय पुस्तकांनी ती ओळख पक्की केली आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. ज्या माणसाचा मूळ स्वभावच कोणाला जुमानण्याचा नव्हता, त्याने स्वखुशीने एका धन्याची चाकरी पत्करली आणि ती अखेरपर्यंत निभावली, ही त्यांच्या चरित्रातील अधिक मोलाची गोष्ट होय.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आईवर त्यांचे अपार प्रेम होते. ती लवकर गेली, वडिलांशी कधी सूर जुळला नाही, आणि पोरवयातच नारायणाने घराकडे पाठ फिरवून नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन झाले, कविता आणि वक्तृत्व यांची गोडी लागली. पण स्थैर्य काही आले नाही. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची अकरा वर्षांची मनकर्णिका लक्ष्मी होऊन त्यांच्या घरी आली, तरीही पायावरची भिंगरी थांबली नाही. कुठे शिक्षक, कुठे पुराणिक, कुठे कीर्तनकार. नोकरी धरावी, मनाविरुद्ध काही घडले की सोडावी, आणि पत्नीला सासरी वा माहेरी ठेवून न सांगता निघून जावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. घरखर्चाचा पैसा भलत्याच गोष्टीवर उधळून यावा आणि वर त्याचे कोणाला वाईट का वाटावे याचे नवल करावे, असा हा गृहस्थ होता. आजच्या भाषेत बोलायचे तर तो स्वतःच्या मनाप्रमाणे जगत होता. त्याची किंमत मोजीत होती ती लक्ष्मीबाई.

नागपूरला आप्पासाहेब बुटींसारख्या धनिकाचा आश्रय मिळाला, संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले, धर्मचर्चेला वाहिलेले ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविता आले. याच काळात टिळकांच्या मनाला एका प्रश्नाने ग्रासले. जातीजातींत चिरफाळ्या झालेल्या या देशाला एकत्र बांधील असा धर्म कोणता? काही काळ तर स्वतःच एक नवा धर्म स्थापावा असे त्यांच्या मनाने घेतले होते. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली. वाचावयाचेच तर शेवटपर्यंत वाचावे, एवढ्या निश्चयाने त्यांनी ते पुस्तक हाती घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी मात्र वाचकाचा तटस्थपणा संपला. शत्रूवर प्रेम करण्याची आणि उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू न देण्याची ती शिकवण त्यांना आपल्या प्रश्नाचे उत्तर वाटली.

उत्तर मिळाले तरी पाऊल उचलण्यास दोन वर्षे लागली. ब्राह्मण कुळातला विद्वान ख्रिस्ती झाला की त्याचे काय होते हे टिळकांना ठाऊक होते. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना ती बातमी मागाहून कळली. आकाश कोसळावे तसे त्या घराचे झाले. लहानग्या दत्तूला घेऊन ती बाई बहिणीच्या आश्रयाला राहिली, पंढरपुरी दिवस काढू लागली; नवरा जिवंत असून नसल्यासारखा. इथे चरित्रकाराने टिळकांची कड घेण्याचे काही कारण नाही. आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय त्यांनी जिच्यावर तो कोसळणार होता तिला बाजूला ठेवूनच घेतला, आणि या घटकेपर्यंत त्यांच्या नव्या निष्ठेतही जुना हट्टी नारायण पुरता शाबूत होता, असेच म्हणावे लागेल.

मात्र पुढच्या पाच वर्षांत जे घडले त्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. धर्मांतर केलेल्या माणसाला त्याच कारणास्तव त्याच्या जोडीदाराने सोडले, तर विवाह रद्द करून घेण्याची सोय इंग्रजी अमलातील 1866 च्या कायद्याने करून दिली होती. म्हणजे मोकळे होण्याचा दरवाजा सरकारनेच उघडा ठेवला होता. टिळकांनी त्या दरवाज्याकडे पाऊल टाकले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, कविता पाठवीत राहिले, वाट पाहत राहिले. जो माणूस पूर्वी कोणत्याही घरात फार काळ टिकला नव्हता, तो आता नसलेल्या घराशी एकनिष्ठ राहिला. लक्ष्मीबाई जेव्हा मुलासह नगरला आल्या तेव्हा त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी सारे वेगळे होते. आणि ते वेगळे ठेवण्याची मुभा त्यांना होती. पत्नीवरील पतीची सत्ता समाजाने निर्विवाद मानलेल्या त्या काळात टिळकांनी हुकूम सोडला असता तर फारसे कोणी नवल केले नसते. पण आपल्या धर्माचा मूळ अर्थच प्रेम असेल तर तो बळाने लादता येत नाही, एवढे त्यांना तोपर्यंत उमगले होते.

पुढे राहुरीस लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतःच उलट खाल्ली. जाती देवाने केल्या नाहीत, त्या माणसांनी केल्या, हा निष्कर्ष त्यांनी आपल्या बुद्धीने काढला आणि त्याच दिवसापासून शिवाशीव टाकून दिली. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरफटत गेलेली ही बाई नव्हे. ती आपल्या पायांनी चालत, आपल्याला पटले तेव्हा गेली. ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना हे सांगण्याची गरज नाही.

त्या काळच्या नगर जिल्ह्याचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे या निर्णयांचे वजन कळते. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला 1831 पासून चालू होते. 1876-77 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी हा जिल्हा होरपळून निघाला, आणि या दशकांत ख्रिस्ती झालेल्यांत गावकुसाबाहेरच्या, मुख्यतः महार समाजातील कुटुंबांचा भरणा मोठा होता. अशा मंडळीत एक चित्पावन शास्त्री येऊन बसला. विद्वत्तेच्या बळावर उच्चासन मिळवून दुरून उपदेश करणे त्याला सोपे होते. टिळकांनी त्यांच्याबरोबर जेवणे, त्यांच्या मुलांना शिकविणे आणि दुष्काळात व साथीत पोरक्या झालेल्यांना स्वतःच्या घरात ठेवून घेणे पसंत केले. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनीही रोग्यांची सेवा केली. ज्या घरात एके काळी दुसऱ्याच्या सावलीचा विटाळ होत असे, त्या घरात आता कोणाची मुले कोणत्या जातीची हे विचारण्याची सवयच उरली नाही. त्या मुलांचे करताना पगार पुरत नसे आणि टिळकांच्या देण्याला धरबंध नसे. लक्ष्मीबाई त्यावरून भांडत आणि मग स्वतःच आणखी एक पान वाढीत.

टिळकांची निष्ठा मिशनच्या अधिकाऱ्यांनाही नेहमी सोयीची होती असे नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी होणे, हे समीकरण त्यांना मुळीच मान्य नव्हते. विलायती चालींवर बेतलेल्या गीतांऐवजी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन यांतून महाराष्ट्राने ख्रिस्ताला आळवावे, असा त्यांचा ध्यास होता. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, असे ते मानीत. त्यांची भजने मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत रुजली. 1842 साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राची मराठी बाजू 1912 पासून त्यांच्याकडे आली, आणि तेथेही हिंदी ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, हा त्यांचा आग्रह राहिला. देशभक्ती धर्मांतराच्या आड येते, असे स्वकीय म्हणत. धर्मांतरानंतर देशभक्ती कशाला, असे परकीयांतील काहींना वाटे. टिळकांनी दोन्ही बाजूंचा रोष पत्करला.

बालकवींचा उल्लेख केल्याविना ही कथा पुरी होत नाही. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा हळवा, अस्थिर तरुण नगरला टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. त्याच्यातल्या कवीला टिळकांनी जोपासले, त्याचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनी सोसले. ठोमरे हिंदूच राहिले आणि घरचेच राहिले. धर्मोपदेश हाच ज्याचा व्यवसाय त्याच्या घरात असे घडावे, ही बाब दोन्हीकडच्या कडव्यांनी विचारात घेण्याजोगी आहे. 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला.

त्याच्या आदल्या वर्षी, 1917 साली, टिळकांनी आयुष्यातील शेवटची मोठी उडी घेतली होती. वय 55 उलटलेले, प्रकृती ढासळलेली. शहाण्या माणसाने निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडावा असे ते वय. टिळकांनी मिशनचा पगार सोडला. सुवार्ता सांगण्याबद्दल वेतन घेतल्याने सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये काहीतरी येऊन बसते, अशी त्यांची खात्री झाली होती. साताऱ्यास जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे चाहते तेथे एकत्र यावेत, ही कल्पना होती. चर्चच्या चौकटीला ती पेलणारी नव्हती आणि व्यवहाराच्या तर नव्हतीच.

येथे एक शंका कोणाही विचारी वाचकाच्या मनात येईल. पगार सोडणारा कवी आणि पूर्वी न सांगता घरातून निघून जाणारा नारायण यांत फरक तो काय? चूल तर दोन्ही वेळा लक्ष्मीबाईंचीच विझणार होती. शंका रास्त आहे. त्याग हाही स्वार्थाचा एक उंची प्रकार असू शकतो. आपल्या ध्येयासाठी इतरांना उपाशी ठेवणारे महापुरुष आपल्या इतिहासात काही कमी नाहीत. टिळकांना या दोषातून सर्वस्वी मुक्त करता येणार नाही. तरीही फरक आहे. तरुणपणी ते जाचापासून पळत होते आणि परतण्याचा पत्ता मागे ठेवीत नव्हते. आता ते बोलावणाऱ्याकडे जात होते, आणि घर बरोबर होते. शीघ्रकोप गेला नाही, उधळेपणा गेला नाही, व्यवहाराचे अज्ञान तर वाढलेच. बदलला तो मालक. आधी मर्जी ही धनीण होती. नंतर तिला जाब विचारणारा कोणीतरी वर होता, आणि चूक झाली की हा तापट माणूस पत्नीपुढे, मुलांपुढे, गड्यापुढेही नमते घेऊ लागला होता.

आज धर्म ही बहुतेकांची ओळख आहे, थोड्यांची शिस्त आहे. हे सर्वच धर्मांविषयी खरे आहे आणि ख्रिस्ती समाज त्याला अपवाद नाही. नाताळचा तारा दारावर चढतो, रोषणाई होते, संस्थांच्या पदांसाठी आणि जमिनींसाठी वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालतात. भोगाच्या संस्कृतीवर व्यासपीठावरून कोरडे ओढणारे पुष्कळ असतात. पण मोकळे होण्याचा कायदेशीर दरवाजा उघडा असताना पाच वर्षे उंबरठ्यावर वाट पाहणारा, स्वतःची जात ताटापुरतीसुद्धा शिल्लक न ठेवणारा आणि बांधलेला पगार नाकारणारा कोणी निघाला, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याच्या धर्माची दखल घ्यावीच लागते. तिसगावच्या शाळेतील मास्तर असो वा तालुक्याच्या कचेरीतील कारकून, त्याच्यापुढे येणारे मोह टिळकांच्या मोहांपेक्षा लहान असतील. पण जातीचे असतात तेच.

‘देवाच्या दरबारा’ला रूप येण्यापूर्वीच 9 मे 1919 रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला आणण्यात आल्या. मागे संपत्ती अशी काहीच नव्हती. एक अपुरे काव्य होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी 1909 साली हाती घेतलेल्या ‘ख्रिस्तायना’चे अवघे 11 अध्याय लिहून झाले होते. ज्या बाईला नवऱ्याचा धर्म एके काळी घरावर पडलेली धाड वाटला होता, जिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते आणि अक्षरओळख नवऱ्याकडूनच करून घेतली होती, तिने ते काम उचलले. लक्ष्मीबाईंनी त्यात आणखी 64 अध्यायांची भर घातली. 1936 साली त्या गेल्या, आणि ग्रंथ 1938 साली प्रसिद्ध झाला.