गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे लहानसे गाव महाराष्ट्रास दोन कारणांनी परिचित आहे. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हे या गावचे. आणि त्याच कुळातील लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचाही जन्म २० जून १८६९ रोजी येथेच झाला. एकाने नाटक उभारले, दुसऱ्याने कारखाना. दुसऱ्याच्या चरित्राकडे शिकणाऱ्या मुलांचे लक्ष सहसा वेधले जात नाही. कारण त्यात परीक्षेतील यशाची एकही गोष्ट नाही.

वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचे मन मात्र पाठ्यपुस्तकांत रमत नसे. त्यास ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. विद्वानाच्या घरातील मुलाने हाताने करावयाच्या कामाच्या मागे लागणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. तथापि वडील बंधू रामूअण्णा यांनी धाकट्या भावाची बाजू घेतली आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी कळून आले की, त्यांच्या दृष्टीस काही रंगांतील भेदच उमगत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्यास याहून मोठा आघात कोणता? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, परंतु रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाकृती काढण्याच्या शास्त्रात रंगांचे काम नव्हते. तेच त्यांनी इतके आत्मसात केले की, पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले.

नोकरी स्थिर होती. पण लक्ष्मणरावांचे शिक्षण तेथे थांबले नाही. वर्गात शिकवावे आणि उरल्या वेळात यंत्रांची उकल करावी, अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक मासिके वाचावी, असा त्यांचा क्रम होता. त्याच सुमारास, १८८८ मध्ये, बेळगावास रामूअण्णांच्या देखरेखीखाली सायकलींचे दुकान निघाले. मुंबईहून लक्ष्मणरावांनी सायकली पाठवाव्या आणि बेळगावात रामूअण्णांनी त्या विकाव्या, शिवाय गिऱ्हाइकास चालविण्यासही शिकवावे! पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांना न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले.

बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले आणि नंतर लोखंडी नांगर हाती घेतला. या नांगराची हकीकत विस्ताराने सांगण्यासारखी आहे. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर ती खोलवर फाडून माती उलथून टाकतो, त्यामुळे हराळीसारख्या चिवट तणाची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. काळ्या रानाच्या शेतकऱ्यास याहून उपयुक्त वस्तू ती कोणती? पण शेतकऱ्यांचा ग्रह असा की, लोखंडाने जमिनीस विष चढते. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. एखाद्याने या लोकांस अडाणी म्हणून दूषण दिले असते. वास्तविक शेतकऱ्याचा सावधपणा अगदीच अनाठायी नव्हता. एका हंगामाची चूक त्याच्या घरात वर्षभराची उपासमार होऊन येते. लक्ष्मणरावांनी त्याच्याशी वाद घातला नाही. नांगर सुधारीत जावे आणि तो शेतात चालवून दाखवावा, एवढाच मार्ग त्यांनी धरला.

व्यवसायाचा जम बसत असतानाच नगरपालिकेने ठळकवाडीच्या नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. यंत्रे होती, माणसे होती, पण जागा नव्हती. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. औंधास सभामंडप उभारण्याचे काम लक्ष्मणरावांकडे होते, त्यामुळे या गृहस्थाची योग्यता त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जागा आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव त्या निवडुंगाच्या आणि सापांच्या माळावर उतरले. तेच किर्लोस्करवाडी होय.

तेथे त्यांनी माणसे कशी निवडली, हे पाहण्यासारखे आहे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण हातात कल्पकता असलेले. ते कारखान्याचे कल्पक यंत्रज्ञ ठरले. मंगेशराव रेगे कारकुनीतून मुख्य हिशेबनीस झाले. ज्यांच्यावर तुरुंगवासाचा शिक्का बसलेला, अशांच्या हाती लक्ष्मणरावांनी रात्रीचा पहारा दिला. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मज्जाव होता. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी सुरुवातीच्या दिवसांत कामगारांच्या जेवणखाण्याचा भार उचलला. या बाईंचा उल्लेख कारखान्याच्या इतिहासात पुरेसा होत नाही, हे बरे नव्हे.

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारे लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यात आले. पुढे चरक, पंप आणि तेलावर चालणारी इंजिने निघाली. पुत्र शंतनुराव यांस लक्ष्मणरावांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रशास्त्र शिकण्यास पाठविले. ते १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. स्वतः पदवी न मिळविलेल्या पित्याने पदवीस कधी तुच्छ लेखले नाही, पण परतलेल्या मुलासही कारखान्यात काम करूनच पुढे यावे लागले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात, आणि ज्या बेळगावातून त्यांस जागा सोडून जावे लागले तेथील एका रस्त्यास किर्लोस्कर रोड हे नाव आहे.